तीन मिनिटांच्या आत

बंद पडलेले हृदय विजेच्या धक्क्याने सुरू होते, हा समज चित्रपटांनी घराघरात पोहोचवला. पडद्यावर सरळ रेषा, डॉक्टरांच्या हातातली दोन यंत्रे, धक्का, आणि रेषा पुन्हा नाचू लागते! प्रत्यक्षात सरळ रेषेवर धक्क्याचा उपयोग नसतो. तो लागतो थरथरणाऱ्या हृदयाला. हृदयाच्या कप्प्यांचे स्नायू ताल सोडून थरथरू लागले की रक्त पुढे ढकलले जात नाही आणि माणूस क्षणात कोसळतो. धक्का ही थरथर थांबवतो. तेवढ्या शांततेत हृदयाचा मूळचा ताल परत येऊ शकतो. म्हणजे धक्का हृदय चालू करत नाही, ते क्षणभर थांबवतो.

जिनिव्हात प्रेव्हो आणि बातेली यांनी १८९९ मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांत पाहिले होते, की सौम्य प्रवाहाने ही थरथर सुरू होते आणि जोरदार प्रवाहाने ती थांबते. माणसावर हा उपाय यशस्वी व्हायला १९४७ साल उजाडले. क्लीव्हलँडमध्ये क्लॉड बेक यांनी चौदा वर्षांच्या मुलाच्या उघड्या छातीत, थेट हृदयावर, तो केला. छाती न उघडता धक्का देण्याच्या शोधात विल्यम कौवेनहोवेन यांचा वाटा मोठा. ते डॉक्टर नव्हते, विद्युत अभियंता होते, याचे मला विशेष अप्रूप वाटते. त्यांच्याच प्रयोगशाळेत निकरबॉकर यांच्या लक्षात आले, की धक्क्याची जड यंत्रे कुत्र्याच्या छातीवर दाबली की रक्तदाब किंचित वाढतो. त्या निरीक्षणातून १९६० मध्ये छातीदाबाची, म्हणजे सीपीआरची, पद्धत जगापुढे आली. दोन्ही उपाय असे एकाच टेबलावरचे.

आजचे एईडी यंत्र हृदयाचा ताल स्वतः तपासते आणि गरज असेल तरच धक्का सुचवते. त्याची खरी परीक्षा झाली ती लास व्हेगासच्या जुगारगृहांत. तिथल्या सुरक्षारक्षकांना यंत्र वापरायला शिकवले गेले. कॅमेरे सर्वत्र असल्याने माणूस नेमका केव्हा कोसळला हेही कळत होते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात थरथर आढळलेले १०५ रुग्ण होते, त्यांतले ५३ टक्के बरे होऊन घरी गेले. ज्यांना कोसळताना कुणी पाहिले होते, त्यांच्यात तीन मिनिटांच्या आत धक्का मिळालेल्यांपैकी ७४ टक्के वाचले, उशिरा मिळालेल्यांपैकी ४९. हे करणारे पहारेकरी होते, हृदयरोगतज्ज्ञ नव्हेत.

माणूस हाक मारून, हलवून उठत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर वेळ घालवू नये. अधूनमधून येणारे आचके म्हणजे श्वास नव्हे. इथेच बरेच जण फसतात. एकाने १०८ किंवा ११२ ला फोन करावा, दुसऱ्याने यंत्र आणावे, तिसऱ्याने छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावा. यंत्र सुरू केले की ते बोलून सूचना देते. एक पट्टी उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरी डाव्या काखेखाली, उघड्या व कोरड्या त्वचेवर चिकटवायची. त्यासाठी ब्लाउज कापावा लागला तर कापावा. संकोचापायी बाईचा जीव जाऊ देऊ नये. मंगळसूत्र, साखळी बाजूला सारावी. त्वचेखाली पेसमेकरचा उंचवटा दिसला तर पट्टी त्यावर येऊ देऊ नये, औषधाची पट्टी असेल तर ती काढून जागा पुसावी. माणूस पाण्यात पडला असेल तर आधी बाहेर ओढावे. आठ वर्षांखालील मुलांसाठी लहान पट्ट्या वापराव्यात. त्या नसल्या तर मोठ्यांच्याच, एक छातीवर आणि एक पाठीवर.

यंत्र ताल तपासत असताना आणि धक्क्याच्या वेळी रुग्णाला कुणीही हात लावू नये. बटण दाबण्याआधी ‘सगळे दूर व्हा’ असे मोठ्याने म्हणून डोक्यापासून पायापर्यंत नजर फिरवावी. आपल्याकडे आजारी माणसाचा हात धरून बसणारे नातेवाईक हमखास असतात. धक्क्यानंतर पट्ट्या न काढता लगेच दाब सुरू करावा. दोन मिनिटांनी यंत्र पुन्हा तपासते. ‘धक्क्याची गरज नाही’ असे ते म्हणाले, म्हणजे माणूस वाचला किंवा गेला असे नव्हे. तो हालचाल करेपर्यंत किंवा मदत येईपर्यंत दाब चालूच ठेवायचा.

आता काही गृहसंस्थाही हे यंत्र घेऊ लागल्या आहेत. ते सचिवांच्या कपाटात कुलूपबंद असेल तर रात्री दोनला किल्ली शोधण्यातच तीन मिनिटे निघून जातील. पट्ट्या आणि बॅटरी यांना मुदत असते, पेटीवर तयारी दाखवणारी खूण असते. दोन्ही दर महिन्याला पाहण्याचे काम रखवालदाराकडे नाव लिहून सोपवावे.