‘इन्फर्नल अफेअर्स’: तुमचा धंदा किती जणांना माहीत आहे?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण हाँगकाँगच्या एका पोलिसी सिनेमाबद्दल बोललो. सिनेमाचं नाव ‘इन्फर्नल अफेअर्स’, साल २००२, भाषा कँटोनीज. व्हिडिओत वेळ पुरत नाही, म्हणून बाकीचं इथे सविस्तर लिहून देतोय. वरवर बघितलं तर ही चोर-पोलिसांची गोष्ट आहे. पण त्यातलं खरं दुखणं आपल्या छोट्या धंद्यांत घरोघरी सापडतं.

एक आधीच सांगतो. सिनेमाचा शेवट सांगितल्याशिवाय मुद्दा कळणार नाही. ज्यांना आधी सिनेमा बघायचा असेल त्यांनी खुशाल बघून या. लेख कुठे पळून जात नाही.

बाजार पडलेला असताना आलेला माल

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये वर्षाला २०० हून जास्त सिनेमे निघायचे. एवढंसं शहर, पण त्याचे ॲक्शनपट अख्ख्या आशियात खपायचे. मग एकामागून एक तडाखे बसले. चोरून काढलेल्या व्हीसीडी रस्त्यावर स्वस्तात मिळू लागल्या. हॉलिवूडच्या सिनेमांनी थिएटर धरली. १९९७ मध्ये आशियाई आर्थिक संकट आलं. २००२ च्या आसपास वर्षाला निघणारे सिनेमे १०० च्या आत आले होते.

अशा पडत्या बाजारात अँड्र्यू लाउ आणि ॲलन मॅक या दोन दिग्दर्शकांनी हा सिनेमा आणला. पटकथा मॅक आणि फेलिक्स चाँग यांची. आता बघा, हाँगकाँगच्या पोलिसपटाची ओळख काय होती? जॅकी चॅनने १९८५ च्या ‘पोलीस स्टोरी’त मॉलमधल्या काचा फोडल्या होत्या. जॉन वूने १९९२ च्या ‘हार्ड बॉइल्ड’मध्ये हॉस्पिटलात गोळ्यांचा पाऊस पाडला होता. त्याच वाटेने जायचं तर आणखी काचा, आणखी गोळ्या, आणखी खर्च.

यांनी ती शर्यतच लावली नाही. ‘इन्फर्नल अफेअर्स’मध्ये गोळीबार मोजका आहे. सगळा ताण मोबाईलच्या मेसेजमध्ये, खिडकीवर बोटाने ठोकलेल्या मोर्स कोडमध्ये आणि माणसांच्या चेहऱ्यांत आहे. जुन्याच मालात त्यांनी गोष्ट घट्ट बांधली. १२ डिसेंबर २००२ ला सिनेमा लागला आणि एकट्या हाँगकाँगमध्ये त्याने सुमारे साडेपाच कोटी हाँगकाँग डॉलरचा गल्ला जमवला. पुढच्या वर्षी हाँगकाँग फिल्म ॲवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट सिनेमा, दिग्दर्शन, पटकथा आणि अभिनेता ही बक्षिसं यालाच मिळाली.

गोष्ट काय आहे?

सॅम नावाचा एक टोळीचा म्होरक्या आहे. एरिक त्सांगने ते काम केलंय. हा सॅम आपली काही तरुण पोरं पोलिसांत भरती करतो. त्यातलाच एक मिंग, म्हणजे अँडी लाउ. त्याच सुमारास पोलीस यान नावाच्या एका हुशार प्रशिक्षणार्थीला हाकलून दिल्याचं नाटक करतात आणि त्याला गुंडांमध्ये पेरतात. हा यान म्हणजे टोनी लेउंग.

वर्षं जातात. मिंग पोलिसांत बढत्या घेत वर चढतो. यान सॅमच्या जवळच्या माणसांत जाऊन बसतो. म्हणजे पोलिसांत चोर आणि चोरांत पोलीस.

दोघं मोठेपणी समोरासमोर येतात ते चक्क एका दुकानात. हाय-फाय ऑडिओचं दुकान, मिंग गिऱ्हाईक आणि यान विकणारा. यान थोडक्यात माल समजावतो, मग गिऱ्हाइकाला बसवतो आणि गाणं लावतो. दोघं शेजारी-शेजारी बसून शांतपणे ऐकतात. विक्री शिकणाऱ्यांनी हा प्रसंग दोनदा बघावा. समोर कोण बसलाय याचा मात्र दोघांनाही पत्ता नसतो.

पुढे अमली पदार्थांच्या एका सौद्यावर पोलीस पाळत ठेवतात. यान आतून खबर देतो, मिंग पोलिसांच्या खोलीतून सॅमला सावध करतो. रात्र संपते तेव्हा दोन्ही बाजूंना एकच गोष्ट कळलेली असते, की आपल्यात कुणीतरी फुटलेलं आहे. आणि पोलिसांतला फितूर शोधायचं काम कुणाकडे येतं? मिंगकडेच!

दोनाचा एक, एकाचा शून्य

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. यान खरा पोलीस आहे हे किती जणांना माहीत आहे? फक्त दोघांना. एक पोलीस प्रशिक्षण शाळेचे प्रमुख यिप आणि दुसरे वरिष्ठ अधिकारी वाँग. वाँगचं काम अँथनी वाँगने फार सुंदर केलंय.

पहिल्यांदा यिप जातात. त्यांची अंत्ययात्रा रस्त्याने जाताना यान लांबूनच, कुणाला दिसणार नाही असा, सॅल्यूट ठोकतो. त्या दिवसापासून जाणणारा उरला एकच. पण दुसरा माणूस कुणी नेमत नाही. गाडी चाललीय ना, मग चालू दे!

यानला काम सांगितलं होतं तीन वर्षांचं. ते वाढत वाढत दहाच्या घरात गेलं. इमारतीच्या गच्चीवर चोरून भेटल्यावर तो साहेबांवर चिडतो, हे संपणार कधी म्हणून विचारतो. साहेबांकडे उत्तर नसतं. माणूस वाईट नाही. यानवर त्याचा जीव आहे. पण शब्द तोंडी होता आणि त्याला तारीख नव्हती.

मग एक दिवस सॅमच्या माणसांना वाँगच्या भेटीचा सुगावा लागतो. ते वाँगला इमारतीवरून खाली फेकतात. यानच्या डोळ्यांदेखत साहेब एका टॅक्सीच्या टपावर येऊन आदळतात. साहेब तर गेलेच, पण यान पोलीस आहे हे सांगू शकणारा जगातला शेवटचा माणूसही त्याच क्षणी गेला.

एक पाकीट आणि एक बटण

यानची अधिकृत नोंद उरते ती वाँगच्या कॉम्प्युटरमध्ये, पासवर्डच्या कुलपात. पुढे मिंग स्वतःच सॅमला संपवतो. त्याला आता चांगला माणूस व्हायचंय. यान पोलीस मुख्यालयात येतो, आपली ओळख परत मागायला. मिंग त्याची फाइल उघडतोही. दहा वर्षांनी सगळं सुरळीत होणार असं वाटत असतानाच यानला मिंगच्या टेबलावर एक पाकीट दिसतं. टोळीतल्या माणसांची माहिती गोळा करताना एकाला एक शब्द लिहिता येत नव्हता, तो यानने स्वतःच्या हाताने त्या पाकिटावर लिहिला होता. ते पाकीट सॅमकडे गेलं होतं. मग पोलिसाच्या टेबलावर कसं? यान समजायचं ते समजतो आणि तिथून निघून जातो.

यान समजून गेलाय हे मिंगच्या लक्षात येतं आणि तो फाइल पुसून टाकतो. एक बटण दाबलं, दहा वर्षांची नोकरी खलास.

शेवटी गच्चीवर यान मिंगला पिस्तूल लावतो आणि आपण पोलीस असल्याचं सांगतो. त्यावर मिंग एवढंच विचारतो, की हे माहीत आहे कुणाला? मित्रांनो, अख्खा सिनेमा या एका प्रश्नावर उभा आहे. यान खरा आहे, पण खरं असणं आणि खरं ठरवता येणं यात फरक आहे. थोड्याच वेळात लिफ्टपाशी तो मारला जातो. नंतर त्याच्या नोंदी सापडतात, पोलिसी मानाने त्याचा अंत्यविधी होतो. मान मिळाला, पण तो घ्यायला माणूस राहिला नव्हता.

तुमच्या धंद्यातले वाँगसाहेब कोण?

आता आपल्याकडे या. मसाल्याचा धंदा आहे आणि प्रमाण फक्त सासूबाईंच्या हाताला माहीत. होलसेलचं दुकान आहे आणि कुणाकडे किती उधारी ते फक्त बाबांच्या डोक्यात. जीएसटीचा ओटीपी नोकरी सोडून गेलेल्या पोराच्या मोबाईलवर जातो. दुकानाचं गूगलवरचं पान भाच्याने त्याच्या ईमेलवरून उघडून दिलं आणि भाचा आता पुण्याला गेला. सगळं चाललंय, म्हणून कुणी बघत नाही.

आणि सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे भागीदारी. ‘लहानपणापासूनचा मित्र आहे, कागद कशाला?’ हे वाक्य ऐकलंय ना? भारतीय भागीदारी कायदा १९३२ चा आहे. त्यातलं ६९ वं कलम असं, की फर्म नोंदवलेली नसेल तर करारातला हक्क मिळवायला कोर्टात दावा लावताना मोठी अडचण येते. ४२ वं कलम सांगतं, की करारात वेगळं काही ठरवलेलं नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते. मित्र चांगला असेलही. वाँगसाहेबही चांगलेच होते. प्रश्न त्यांच्या चांगुलपणाचा नव्हता, त्यांच्यामागे काय उरलं याचा होता.

आता काही जण म्हणतील, ‘सर, गुपित ठेवावंच लागतं. रेसिपी सगळ्यांना सांगत सुटलो तर उद्या समोरच दुकान निघेल.’ बरोबर आहे. यानचं नाव दहा जणांना माहीत असतं तर तो पहिल्याच महिन्यात मेला असता. पण गुपित ठेवणं वेगळं आणि नोंदच न ठेवणं वेगळं. सीलबंद पाकीट बँकेच्या लॉकरमध्ये ठेवता येतं. लॉकर कुणी उघडायचा ते ठरवून ठेवता येतं. मोजक्याच माणसांना सांगा, पण ती मोजकी माणसं एकावर येऊ देऊ नका.

चार गोष्टी आजपासून करा:

१. धंद्यातल्या प्रत्येक महत्त्वाच्या गोष्टीचे दोन जाणकार ठेवा आणि तिसरा साक्षीदार म्हणजे कागद. दोघांतला एक गेला, रुसला, नोकरी सोडली, तर त्याच आठवड्यात दुसरा नेमा. यिप गेल्यावर नेमकं हेच राहून गेलं.

२. तोंडी शब्दाला तारीख लावा. ‘थोडे दिवस सांभाळून घे, मग पगार वाढवतो’ असं कामगाराला सांगितलं असेल तर कोणत्या महिन्यापासून, किती, हे लिहून द्या. साधा व्हॉट्सॲप मेसेज केला तरी काहीच नसण्यापेक्षा बरा.

३. बघायचा अधिकार आणि पुसायचा अधिकार एकाच हातात देऊ नका. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येकाचं लॉगिन वेगळं करा. रोजच्या नोंदींची एक प्रत दुसऱ्या जागी जाऊ द्या.

४. हिशेब तपासणारा आणि हिशेब लिहिणारा वेगळा ठेवा. मिंगला मिंग शोधायला सांगितलं तर मिंग कधीच सापडणार नाही.

कागद होता म्हणून

या सिनेमाची स्वतःची कहाणीसुद्धा हेच शिकवते. त्याचे हक्क रीतसर हॉलिवूडला विकले गेले. २००६ मध्ये मार्टिन स्कॉर्सेसीने त्यावरून ‘द डिपार्टेड’ काढला. त्याला चार ऑस्कर मिळाले, त्यातलं एक सर्वोत्कृष्ट सिनेमाचं. स्कॉर्सेसीला दिग्दर्शनाचं पहिलं ऑस्करही याच सिनेमाने दिलं. आणखी एक होतं रूपांतरित पटकथेचं. मजा म्हणजे त्या सोहळ्यात निवेदनात मूळ सिनेमा जपानी असल्याचं सांगितलं गेलं! हाँगकाँगच्या लोकांना केवढं लागलं असेल विचार करा. पण बोलणाऱ्याची चूक झाली म्हणून मालकी गेली नाही. करार लेखी होता, नाव नोंदलेलं होतं. बोललेलं हवेत विरतं, लिहिलेलं उरतं.

जाता जाता सिनेमाच्या नावाबद्दल. मूळ चिनी नाव बौद्ध कल्पनेतल्या एका नरकावरून घेतलंय, ज्यात यातनेला खंड नसतो. संस्कृत-पाळीत त्याला अवीचि म्हणतात. यान गेला, त्याचा त्रास संपला. मिंग जिवंत राहिला, वर्दीतही राहिला. आपण कोण आहोत हे कुणाला सांगण्याची सोय मात्र त्याने स्वतःच्या हाताने पुसली होती.

आजचा गृहपाठ

एक कोरा कागद घ्या. धंद्यात रोज लागणाऱ्या दहा गोष्टी लिहा: रेसिपी किंवा काम करायची पद्धत, उधारी, पुरवठादारांचे नंबर आणि दर, बँक, जीएसटी, जागेचा करार, गाडीची कागदपत्रं, ऑनलाइन खाती, कामगारांचा हिशेब, भागीदारी. प्रत्येकासमोर ती नीट माहीत असलेल्या माणसांची नावं लिहा. मग एकेका नावावर बोट ठेवून विचारा, या माणसाचा फोन आठ दिवस बंद राहिला तर काय अडेल?

जिथे एकच नाव असेल तिथे लाल खूण करा. एखाद्या ओळीवर तुमचं एकट्याचं नाव असेल, तर तिथे दोन खुणा करा. या रविवारी त्यातली निदान एक ओळ मोकळी करा. घरच्यांना समोर बसवा, समजावून सांगा, लिहून सही करा.

किती लाल खुणा निघाल्या ते कमेंटमध्ये नक्की कळवा. पुढच्या व्हिडिओत आपण भागीदारी करारात काय-काय लिहायचं ते एकेक कलम घेऊन बघू. भेटू या!