पेन त्याच्याच हातात

‘पुढचा महिनाभर पेन शिकणाऱ्याच्याच हातात राहील.’

बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षातल्या एका मुलीने वहीत लिहिलेले हे ध्येय. नांदेडच्या एका प्राध्यापिकेने बोलता बोलता ते सांगितले आणि मी ते बघायलाच गेले. महाविद्यालयांतली व्यक्तिमत्त्व विकासाची भाषणे मी पुष्कळ ऐकली आहेत. तिथली ध्येये भव्य असतात. अधिकारी व्हायचे असते, आत्मविश्वास वाढवायचा असतो, जग जिंकायचे असते. पेन कुणाच्या हातात असावे, एवढाच निश्चय केलेले कुणी भेटले नव्हते.

त्या प्राध्यापिका बाईंच्या महाविद्यालयातली व्यवस्था साधी आहे. तास संपल्यावर वरच्या वर्गातली मुले पहिल्या वर्षाच्या मुलांचे अडलेले सोडवतात. शिकवणाऱ्याने सत्राच्या सुरुवातीला स्वतःसाठी दोन-तीन ध्येये लिहायची, आणि बाई ती अधूनमधून वाचतात. पहिल्या खेपेला सगळ्यांनी छापील वाटावे असेच लिहिले होते: ‘संवादकौशल्य सुधारीन’, ‘सर्वांना पास करीन’. बाईंनी प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहिला, ‘हे झालं की नाही, हे तुला कळणार कसं?’ त्यानंतर वह्या बदलल्या.

ही मुलगी नांदेड जिल्ह्यातली, पण अकरावी-बारावीला लातूरला होती. उद्योग भवन परिसरातले क्लास, मेसचा डबा, रात्री अभ्यासिका, रविवारी टेस्ट. लातूर पॅटर्नने मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांच्या, शिक्षकांच्या, कारकुनांच्या मुलांना डॉक्टर-इंजिनिअर केले, हे कुणी नाकारू नये. राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांनी पुन्हा पुन्हा सराव करून घेण्याची जी शिस्त लावली, तिचे ते फळ आहे. पण त्या शिस्तीत वेगाला फार भाव असतो. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत 2025 मध्ये 180 मिनिटांत 180 प्रश्न होते, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. हिचा नंबर लागला नाही. वेग मात्र अंगात मुरला. समोरच्याने वही उघडली की हिला चूक दिसायची, हात पुढे जायचा आणि उदाहरण सुटायचे. समोरचा मान हलवायचा, आणि दुसऱ्या दिवशी तेच उदाहरण घेऊन परत यायचा. ती म्हणाली, “मॅडम, मला वाटायचं मी लई छान शिकवते. खरं तर मी त्याच्यासमोर माझाच पेपर सोडवत होते.”

मी गेले त्या दिवशी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत ते बसले होते. मध्येच अमोनियाचा उग्र वास येत होता. मुखेडकडचा, मराठी माध्यमातून आलेला एक मुलगा समोर होता. चार ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइडचे 250 मिलिलीटर द्रावण केले, तर मोलॅरिटी किती? चार भागिले चाळीस, 0.1 मोल, इथवर तो नीट आला. पुढे त्याने 0.1 ला सरळ 250 ने भागले आणि 0.0004 लिहून वर पाहिले. “ताई, पुढचं समजंना गेलंय.”

तिचा उजवा हात टेबलावरून अर्धी वीत पुढे गेला. मी तो स्पष्ट पाहिला. मग तिने तो मागे घेतला, डाव्या हाताने धरला आणि म्हणाली, “तुझं उत्तर तूच वाच बरं. द्रावण केवढं पातळ झालं?”

तो गप्प. ती गप्प. खोलीत पंख्याचा आवाज. मला स्वतःला सांगून टाकावेसे वाटत होते, इतके ते थांबणे लांबले. मग तो पुटपुटला, “एवढं कमी कसं असंल... लिटरमध्ये घ्यायचं होतं का?” त्यानेच खोडले, 0.25 ने भागले, 0.4 लिहिले. तिने फक्त विचारले, “लिटरमध्येच का?” ते सांगायला त्याला आणखी वेळ लागला. तो सांगत होता मराठीत आणि इंग्रजी शब्द मध्ये पेरत होता. तिने तेही अडवले नाही.

बाईंनी या मुलांना एक आकडा सांगितला आहे: तीन सेकंद. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने 1974 मध्ये मांडले, की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभरच थांबतात. तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरे लांबतात, गप्प बसणारी मुले बोलू लागतात, उलट प्रश्नही विचारतात. तीन सेकंद! ऐकायला काहीच नाही. त्या टेबलाशी बसल्यावर कळते, की ज्याला उत्तर येते त्याला ते किती जड जातात. मुलीच्या वहीत समासात ठिकठिकाणी ‘3’ लिहिलेले आहे. काही ठिकाणी त्यावर फुली. फुली म्हणजे तीन सेकंद धरवले नाहीत, आधीच बोलून गेले. त्या फुल्या मला कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा मोलाच्या वाटल्या.

मुलांनी मुलांना शिकवणे आपल्याकडे नवे नाही. पंतोजींच्या शाळेत थोरली मुले धाकट्यांकडून धूळपाटीवर अक्षरे गिरवून घेत. अँड्र्यू बेल यांनी मद्रासच्या एका देशी शाळेत वाळूत लिहिणारी मुले पाहिली, आपल्या अनाथाश्रमात मुलांनाच शिक्षक केले, आणि 1797 मध्ये पुस्तिका छापून ही पद्धत इंग्लंडात नेली. तिथे ती ‘मद्रास पद्धत’ म्हणून गाजली, मुख्यतः स्वस्त होती म्हणून. शिकवणाऱ्या पोराचे स्वतःचे काय वाढले, हे त्यात कोण विचारणार? नांदेडच्या या वह्यांत तेच विचारले आहे, म्हणून त्यांचे मोल.

दुसऱ्या एका मुलाच्या वहीत होते: ‘येत नसेल तर “उद्या बघून सांगतो” म्हणीन.’ तो म्हणाला, हे पहिल्यांदा म्हणताना कान तापले होते. आता ज्युनिअर त्याला जास्त प्रश्न विचारतात.

एक गोष्ट मात्र खटकली. हे काम ही मुले फुकट करतात. त्यांतली काही सकाळी दुकानात हिशेब लिहितात, काही डबे पोहोचवतात. परीक्षा जवळ आली की आधी हेच सुटते. 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा व शिका’ रुजवले, तेव्हा विद्यार्थ्याच्या श्रमाला मोल असते हे महाराष्ट्राने मान्य केले. बागेला पाणी घालणे, ग्रंथालयातली पुस्तके लावणे याला तासाचे पैसे मिळू शकतात, तर एका घाबरलेल्या पोराला द्रावणाचे गणित त्याच्याच हाताने सोडवू देणे हेही श्रमच आहेत. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या चार जिल्ह्यांतली महाविद्यालये 1994 पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाखाली आहेत. विद्यापीठाने आणि प्राचार्यांनी या कामाचे तास ‘कमवा व शिका’त धरावेत, आणि या वह्या मूल्यांकनाच्या फायलींत लावण्यासाठी मागू नयेत. फाईलसाठी लिहायचे ठरले, की मुले पुन्हा ‘संवादकौशल्य सुधारीन’ असेच लिहू लागतील.