धनगरी ओव्यांचा हायडलबर्गचा श्रोता

भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईचे नाव आपण सहज घेतो. त्या नावात एक झाड आहे आणि एक देवी आहे. देवी या जागी कशी आली, तिची गोष्ट कोण सांगतो, हे प्रश्न मात्र आपल्याला फारसे पडत नाहीत. महाराष्ट्रातल्या अशाच देवांविषयी हे प्रश्न विचारत एक जर्मन प्राध्यापक आपल्या माळरानांवर वर्षानुवर्षे हिंडले. त्यांचे नाव डॉ. गुंथर सोंथायमर. त्यांचा जन्म १९३४ सालचा. १९९२ मध्ये ते गेले, तेव्हा साठीही उलटली नव्हती.

सोंथायमर मुळात कायद्याचे अभ्यासक. हिंदू एकत्र कुटुंबपद्धतीवर त्यांचा ग्रंथ आहे. पुढे हायडलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेत ते अध्यापन करीत आणि तिथल्या विद्यार्थ्यांना मराठीही शिकवीत. पद प्राच्यविद्येच्या अभ्यासकाचे, पण कामाची रीत मानववंशशास्त्रज्ञाची. पोथीत काय लिहिले आहे ते वाचायचे आणि मग लोक काय करतात ते प्रत्यक्ष जाऊन पाहायचे.

ते पाहण्यासाठी त्यांना धनगरांकडे जावे लागले. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा या देवांच्या कथा धनगरांच्या ओव्यांत आहेत. या ओव्या काही भाग गाऊन आणि काही भाग गद्यात सांगून सादर होतात. त्या छापील नव्हत्या, गाणाऱ्यांच्या तोंडी होत्या. सोंथायमर यांनी त्या ध्वनिमुद्रित केल्या. या देवांवरचा त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ साली निघाला आणि १९८९ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर झाले.

त्यांना काय सापडले, हे जेजुरीच्या उदाहरणाने समजते. खंडोबाच्या दोन बायका सर्वांना ठाऊक आहेत. म्हाळसा वाण्याची लेक, बाणाई धनगराची. या सवतींचे भांडण आपण गमतीने ऐकतो. सोंथायमर यांनी त्यात महाराष्ट्राची दोन जगे पाहिली. एक शेतीचे, बाजारपेठेचे, वस्ती करून राहणारे. दुसरे रानाचे, मेंढरांमागे फिरणारे. पहिल्याला ते ‘क्षेत्र’ म्हणत आणि दुसऱ्याला ‘वन’. देव दोघींशी लग्न करतो, म्हणजेच ही दोन जगे एकमेकांशी नाते जोडतात.

यातूनच त्यांची एक महत्त्वाची मांडणी पुढे आली. हिंदू धर्म समजून घ्यायचा तर पाच अंगे पाहावीत, असे त्यांनी १९८९ मध्ये लिहिले. ब्राह्मणांची परंपरा, संन्यास, आदिवासींचा धर्म, लोकधर्म आणि भक्ती ही ती अंगे. ती एकमेकांत सतत देवाणघेवाण करतात. म्हणून धनगराची ओवी ही पुराणाची मोडकी नक्कल ठरत नाही. तिला स्वतःचे स्थान आहे.

लोकधर्म शब्दांइतकाच अंगात असतो. भंडारा उधळणारा हात, अंगात आलेला देवऋषी, पालखीला लागणारे खांदे हे नुसत्या टिपणात मावत नाही. म्हणून वहीबरोबर कॅमेराही त्यांच्या कामाचा भाग होता. हेनिंग श्टेगम्युलर यांच्यासमवेत त्यांनी पंढरीच्या वारीवर चित्रपटही केला.

त्यांच्या निधनानंतर ध्वनिफिती, छायाचित्रे आणि अपुरे लेखन मागे उरले. ते त्यांच्या सहकाऱ्यांनी वाऱ्यावर सोडले नाही. खंडोबावरचे त्यांचे निबंध १९९७ मध्ये पुस्तकरूपाने आले. २००५ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ लेखसंग्रह निघाला. आणि २०१४ मध्ये अ‍ॅन फेल्डहाउस यांनी रामदास आटकर व राजाराम झगडे यांच्या साहाय्याने बिरोबा आणि धुळोबा यांच्या दोन दीर्घ कथा इंग्रजीत प्रसिद्ध केल्या. गुरूविषयी आणि मित्राविषयी प्रेम असे कामातून दिसते.

मराठवाड्यातही माळेगावला आणि सातारा गावी खंडोबा आहे, माहूरला रेणुका आहे, आणि गावोगावी गोष्टी सांगणारी म्हातारी माणसे आहेत. सोंथायमर यांना टेपरेकॉर्डर घेऊन यावे लागले. आज तसले यंत्र प्रत्येकाच्या खिशात मोबाइलच्या रूपाने आहे. गावच्या देवीची गोष्ट जाणणाऱ्या आजीपुढे तासभर बसावे, तिला मध्येच न थांबवता ऐकावे आणि ध्वनिमुद्रण जपून ठेवावे. ही आजी उद्या असेलच असे नाही.