आलेखाचा उजवा कोपरा

टेबलावर 100 मेगाहर्ट्झचा क्वार्ट्झ ऑसिलेटर आहे. त्याचा ठोका दर 10 नॅनोसेकंदांनी पडायला हवा, पण एखादा किंचित आधी पडतो, एखादा किंचित नंतर. हाच जिटर. ऑसिलोस्कोपवर तो मोजायला जावं, तर स्कोपच्या स्वतःच्या घड्याळाची चुळबुळ त्यात मिसळते. म्हणून ठोक्यांऐवजी फेज नॉईज मोजतात: मूळ वारंवारितेच्या आजूबाजूला किती शक्ती सांडली आहे ते पाहायचं आणि त्यावरून जिटर काढायचा.

पडद्यावर डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी रेघ उमटते. डावीकडचा उंच चढ पाहिला की वाटतं, सगळा दोष तिथेच. मलाही बरेच दिवस तसंच वाटे. पण आलेखाची आडवी पट्टी, म्हणजे मूळ वारंवारितेपासूनचं अंतर, लॉग मापाची असते. 100 हर्ट्झ ते 1 किलोहर्ट्झला तिथे जेवढी जागा, तेवढीच 1 ते 10 मेगाहर्ट्झला! समजा, डावीकडच्या 900 हर्ट्झमध्ये दर हर्ट्झमागे गोंगाट मूळ शक्तीच्या तुलनेत सरासरी उणे 120 डेसिबल आहे आणि त्यापुढे 20 मेगाहर्ट्झपर्यंत सपाट उणे 150. म्हणजे उजवीकडचा गोंगाट हजारपट क्षीण, पण रुंदीला बावीस हजारपट. बेरीज केली की उजवी बाजूच बावीसपट भरते.

आता जिटर काढू. दूरसंचारात रुळलेली हद्द 12 किलोहर्ट्झ ते 20 मेगाहर्ट्झ. एवढ्या पट्ट्यातली उणे 150 ची बेरीज येते मूळ शक्तीच्या पाच कोटींत एक भाग. गोंगाट दोन्ही बाजूंना असतो, म्हणून दुप्पट. त्याचं वर्गमूळ 0.0002 रेडियन. त्याला 2 पाय गुणिले वारंवारितेनं भागलं की 0.32 पिकोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाश जेमतेम कागदाच्या जाडीइतका सरकतो.

हे क्षुल्लक मुळीच नाही. याच घड्याळावर 100 मेगाहर्ट्झचा सिग्नल डिजिटल करायला घ्या: जिटरमुळे सिग्नल गोंगाटापेक्षा फार तर 74 डेसिबलच वर राहतो. चिप 16 बिटची असली तरी हाती लागतात सुमारे 12.

म्हणून डेटाशीटवर जिटरचा आकडा दिसला की मी आधी हद्द शोधतो. आपल्याच ऑसिलेटरची बेरीज 1 मेगाहर्ट्झलाच थांबवली, तर 0.32 चे 0.07 पिकोसेकंद होतात. क्वार्ट्झ तोच, ठोकेही तेच.