पथ्य सांगायचं, पण कधी?

“किती वेळा सांगितलं, तरी ऐकत नाहीत.” डायलिसिस केंद्रात रुग्णाचं वजन करताना हे वाक्य हमखास कानावर येतं. मधल्या दोन दिवसांत अंगात तीन किलो पाणी साठलेलं, फॉस्फरसची गोळी जेवणासोबत घ्यायची ती सकाळी उपाशीपोटीच घेतलेली. आजोबा हट्टी झालेत, असा निष्कर्ष घरचे काढतात आणि कर्मचारीही मान डोलावतात.

अमेरिकेतल्या मिनिआपोलिस परिसरातल्या डॉक्टरांनी २००६ साली जे मांडलं, ते वाचल्यावर असा ठपका ठेवणं जड जातं. डायलिसिसवर असलेल्या, वयाची पंचावन्न वर्षं पार केलेल्या रुग्णांची स्मरणशक्ती, भाषा, विचारांचा वेग आणि कामाची आखणी करण्याची क्षमता त्यांनी तपासली. वर्गवारी झालेल्या ३३८ जणांपैकी ३७ टक्क्यांची आकलनशक्ती तीव्र स्वरूपात घटलेली निघाली, आणखी ३६ टक्क्यांची मध्यम. चाचण्यांत ठीकठाक ठरले जेमतेम १३ टक्के. आणि असा त्रास केसपेपरवर आधीपासून नोंदलेला होता तीन टक्क्यांहूनही कमी जणांच्या! आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डॉक्टर-नर्सच्या नजरेसमोर असणारी ही माणसं.

लक्षात येत नाही, कारण रुग्ण बोलायला व्यवस्थित असतो. नातवंडांची नावं, गावाकडची जमीन, जुने हिशेब सगळं आठवतं. घसरण प्रामुख्याने होते ती लक्ष एकवटण्यात, विचारांच्या वेगात आणि एकापाठोपाठ एक कामं जुळवण्यात. डायलिसिसच्या रुग्णाला नेमकं हेच दिवसभर करावं लागतं. चहा, ताक, आमटी, सगळं धरून पाणी मोजायचं. भाजी उकळून तिचं पाणी टाकायचं. केळं आणि नारळपाणी टाळायचं. अमेरिकेतल्या एका पाहणीत अशा रुग्णांच्या रोजच्या गोळ्यांचा मध्यक १९ निघाला होता. धडधाकट माणसाचीही यात गफलत होईल.

मूत्रपिंड आणि मेंदूचं हे नातं कृत्रिम मूत्रपिंडाच्या पहिल्या यशातच दिसलं होतं. १९४५मध्ये नेदरलँड्समधल्या काम्पेन गावात विलेम कोल्फ यांनी ६७ वर्षांच्या एका बेशुद्ध बाईंचं रक्त यंत्रातून शुद्ध केलं आणि त्या शुद्धीवर आल्या. पण यंत्र सगळीच विषारी द्रव्यं काढू शकत नाही. त्यात मधुमेह आणि रक्तदाबाने मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या आधीच खराब झालेल्या असतात. रक्त कमी असतं, झोप मोडकी आणि मन खचलेलं. शिवाय डायलिसिसचाही ताण पडतो. नेदरलँड्समध्येच वयस्क रुग्णांचं स्कॅन केल्यावर, डायलिसिस चालू असताना मेंदूचा रक्तपुरवठा सरासरी दहा टक्क्यांनी घटल्याचं दिसलं.

मिनिआपोलिसच्याच आणखी एका छोट्या अभ्यासात रुग्णांची आकलनशक्ती सगळ्यांत कमी भरली ती डायलिसिस चालू असताना. सगळ्यांत चांगली, सुरू होण्याच्या जरा आधी किंवा दुसऱ्या दिवशी. आपल्याकडे बदललेल्या गोळ्या, नवं पथ्य, प्रत्यारोपणाचे कागद हे सगळं समजावलं जातं ते बहुधा रुग्ण सुया लावून पडलेला असताना, कारण तेव्हा तो जागेवर सापडतो. सोबत आलेली सून किंवा मुलगा मात्र बाहेर बाकड्यावर बसलेला असतो. ही वेळ बदलायला पैसे लागत नाहीत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून फुकट डायलिसिस घेणाऱ्यालाही वजन करतानाच, घरच्यांसमोर, दोन मिनिटांत सांगता येईल.

उपचारांच्या बाजूने ब्रिटनमध्ये एक आशादायक प्रयोग झाला. ७३ रुग्णांपैकी काहींसाठी डायलिसिसचं द्रावण त्यांच्या शरीराच्या तापमानापेक्षा अर्धा अंश थंड ठेवलं. वर्षभरानंतर त्यांच्या मेंदूतल्या पांढऱ्या भागाची हानी टळलेली दिसली. मात्र कॅनडातल्या पुढच्या मोठ्या चाचणीत थंड द्रावणाने हृदयविकार किंवा मृत्यू कमी झाले नाहीत, आणि रुग्णांना थंडी मात्र जास्त वाजली. मेंदूसाठी त्याचा खरा उपयोग किती, हे अजून ठरायचं आहे. यशस्वी प्रत्यारोपणानंतर मात्र अनेकांची आकलनशक्ती सुधारल्याचं दिसलं आहे.

घरी दिवसभराचं पाणी सकाळीच एका बाटलीत भरून ठेवलं, गोळ्या वारांच्या डबीत लावल्या, तर डोक्यावरचा भार हलका होतो. रुग्ण एकाएकी असंबद्ध बोलू लागला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. स्नायू सैल करणारं बॅक्लोफेन आणि नसांच्या दुखण्यावरचं गॅबापेंटिन मूत्रपिंडावाटेच बाहेर पडतात. ते अंगात साचलं की असा गोंधळ उडतो, आणि वेळीच औषध बंद केलं तर तो ओसरतोही.