उन्हाची नव्हे, चुन्याची अडचण

कुर्डुवाडीच्या परसात ब्लूबेरी जगणार नाही, याचा दोष सहसा उन्हाला दिला जातो. पण फ्लोरिडा विद्यापीठाने कमी थंडीत फळणारा ‘शार्पब्लू’ वाण 1976 सालीच आणला. उन्हाळ्यात दुपारची सावली द्यावी लागेल, हे खरे. तरी मोठी अडचण मातीत आहे. ब्लूबेरीला सामू साधारण 4.5 ते 5.5 लागतो, तर आपल्या चुनखडीयुक्त काळ्या रानाचा 8 च्या आसपास असतो. ही मोजपट्टी दहापटीची, म्हणजे 8 आणि 5 मधले अंतर हजारपट! अशा मातीत लोह असूनही मुळांना ते मिळत नाही आणि कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात.

गंधक टाकून माती आंबट करता येईल, असे कोणी म्हणेल. चुनखडी नसलेल्या मातीत ते जमते. इथे मात्र गंधकापासून बनलेले आम्ल चुना खाऊन टाकतो. म्हणून कुंडीच बरी: धुतलेला कोकोपीट, थोडे गंधक, अमोनियम सल्फेटचे हलके हप्ते. बोअरचे जड पाणी घातले, तर चुना पुन्हा कुंडीत येतो. त्यापेक्षा पावसाचे पाणी साठवावे; 500 मिलिमीटर पावसात 10 चौरस मीटर पत्र्यावर 5,000 लिटर पाणी पडते.