विश्लेषण : आयटीआयचा वेल्डर ट्रेड एका वर्षाचा, मग पगार ठरतो कशावर?

दहावीनंतर आयटीआयचा अर्ज भरताना इलेक्ट्रिशियन, फिटर हे ट्रेड पटकन आठवतात. वेल्डर अनेकांच्या यादीत खाली असतो. प्रत्यक्षात हा एका वर्षाचा, आठवी उत्तीर्णांनाही खुला असलेला ट्रेड. पण त्यातून बाहेर पडलेला एक जण ग्रिलच्या दुकानात रोजंदारीवर राहतो आणि दुसरा रिफायनरीच्या पाइपलाइनवर पोहोचतो. हा फरक कुठे पडतो?

वर्षभरात काय शिकवतात?

गॅस वेल्डिंग व कटिंग, रॉडचे आर्क वेल्डिंग, सीओटू आणि टिग (कारखान्यात याला सरसकट ‘आर्गन’ म्हणतात). अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेनंतर राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते. पुढची पायरी अ‍ॅप्रेंटिसशिपची. १९६१ च्या कायद्यानुसार त्यात विद्यावेतन मिळते. माझगाव डॉक आणि रेल्वेच्या कार्यशाळा वेल्डर ट्रेडसाठीही उमेदवार घेतात.

प्रमाणपत्र असूनही टेस्ट का?

कारण प्रमाणपत्र फक्त गेटपर्यंत नेते. आत कंपनी तुकडा वेल्ड करून घेते, तो वाकवून किंवा त्याचा एक्स-रे काढून तपासते. सपाट ठेवलेल्या प्लेटची पोझिशन १जी. सर्वात कठीण मानली जाणारी ६जी (मोबाइल नेटवर्कशी संबंध नाही): ४५ अंशांत घट्ट बसवलेला पाइप, जो फिरवायचा नाही, वेल्डरनेच त्याच्याभोवती फिरत, वाकत जोड पूर्ण करायचा. ही टेस्ट पास असलेल्याला काम आणि दर दोन्ही चांगले मिळतात.

त्यातही मेख आहे. ‘एएसएमई’च्या सेक्शन ९ नुसार एखाद्या प्रक्रियेने सलग सहा महिने वेल्डिंग केले नाही, तर त्या प्रक्रियेची पात्रता संपते. बॉयलरच्या कामासाठी तर भारतीय बॉयलर नियमांखालील वेगळी परीक्षा द्यावी लागते. राज्यात ते काम बाष्पके संचालनालयाकडे आहे. थोडक्यात, हात चालू ठेवावा लागतो. म्हणूनच प्रवेश घेताना इमारत पाहण्यापेक्षा किती मशीन चालू आहेत आणि सरावाला रोज किती रॉड मिळतात, हे तिथल्या मुलांना विचारलेले बरे.

रोबोट आले, मग?

मोटारींच्या बॉडीचे स्पॉट वेल्डिंग मोठ्या कारखान्यांत रोबोटच करतात. साइटवरचा पाइप, दुरुस्ती, जहाजाच्या अडचणीच्या जागा मात्र अजून माणसाच्याच हातात आहेत.

आखातात जायचे असेल तर?

ट्रेडला आठवी चालते, तरी दहावी पूर्ण करणे फायद्याचे. दहावी नसलेल्यांचा पासपोर्ट सहसा ‘ईसीआर’ प्रकारचा असतो आणि आखाती देशांसह १८ देशांत नोकरीला जाताना सरकारी मंजुरी लागते. एजंट ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर नोंदणीकृत आहे का, हे तपासावे. त्याला ३० हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. करारावर पद ‘वेल्डर’ आहे की ‘हेल्पर’, हे सही करण्याआधीच वाचावे.

तब्येतीचे काय?

उघड्या डोळ्यांनी आर्क पाहिला की रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे टोचते, हे सगळ्यांना माहीत असते. धुराकडे मात्र दुर्लक्ष होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर कर्करोगकारक ठरवला आहे. त्यामुळे मुलाखतीत पगारासोबत धूर ओढून घेणारी यंत्रणा आणि मास्क यांबद्दलही विचारायला हवे.